चिपळूण नगरपरिषदेचं कार्यालय पूररेषेबाहेर हलवावं का?

पेठेतली_मृण्मयी
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात घरपट्टी भरायला गेले होते. रांगेत माझ्या पुढे दोन वयस्कर गृहस्थ. एक म्हणाले, "ही पालिका आता वर न्यायला हवी." दुसरे म्हणाले, "वर म्हणजे कुठे?" "हायवेच्या वर. पाणी पोचत नाही तिथे." झालं, रांगेतल्या सगळ्यांनी तोंड घातलं. माझा नंबर आला तरी वाद संपेना, म्हणून तो इथे आणते आहे.

माझं मत आधीच सांगते: हलवावं. आमचं घर बाजारपेठेत, तीन पिढ्यांचं. माजघराच्या दारामागे बाबांनी २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ विटेच्या तुकड्याने मारून ठेवली होती. ती माझ्या खांद्याला लागते. २२ जुलै २०२१ चं पाणी ओसरल्यावर दुसरी रेघ मारायला मला स्टुलावर चढावं लागलं. त्या दिवशी पहाटेपासून आम्ही पाच माणसं माळ्यावर होतो. वीज नाही, फोनला रेंज नाही. बाजारपेठ पाण्यात, बसस्थानक पाण्यात, वाचनालय पाण्यात, कचेऱ्या पाण्यात. आई सारखी विचारत होती, "कुणीतरी येईल ना गं?" आणि मला कळेना की येणार कोण, कारण ज्यांनी यायचं तेही आमच्यासारखेच कुठल्यातरी माळ्यावर अडकलेले.

पुरात गावाला सांभाळायचं काम ज्या कचेरीचं, तीच पुराच्या वाटेत असून कसं चालेल? शिवाय आपल्याला पेठेत एक खोली वाढवायची म्हटली तरी पूररेषा आडवी येते. निळ्या रेषेच्या (पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आत बांधायचं नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) मधे बांधायचं तर निर्बंध. लोकांना जो नियम, तो पालिकेच्या स्वतःच्या नव्या इमारतीलाही हवा.

तुम्हाला काय वाटतं? चिपळूणबाहेरच्यांनीही लिहा. तुमच्याकडे कार्यालय हललं असेल तर मागे राहिलेल्या गावाचं काय झालं, ते मला ऐकायचं आहे.

खेंडवाला
हलवावं. २००५ नंतरच हलवायला हवं होतं.

तराजू
मृण्मयी, तुमचं सगळं पटतं, तरी माझं उत्तर 'नाही' आहे.

माझं दुकान चिंचनाक्याजवळ आहे. २१ साली माझा सगळा माल गेला. काउंटरचा लोखंडी गल्ला दुसऱ्या दिवशी तीन दुकानं सोडून पुढच्या गटारात सापडला, आत चिखलाचा गोळा आणि नाण्यांना गंज. तरी मी म्हणतो की पालिका पेठेतच राहिली पाहिजे, कारण पाणी चढलं की ज्याचे पाय ओले होतात तोच पाण्याचा बंदोबस्त करतो. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं, लोक दिवसचे दिवस मांडवात बसले, तेव्हा वाशिष्ठी नदीतला आणि शिवनदीतला गाळ निघायला लागला. पेठ रस्त्यावर बसली म्हणून ते झालं. पालिका, बँका, कचेऱ्या एकेक करून वर गेल्या की खाली उरणार कोण? आम्ही दुकानदार आणि भाड्याच्या खोल्यांतली माणसं. आमच्यासाठी गाळ कोण काढणार? तेव्हा आम्हाला सांगतील, "तुम्हीही वर या."

कचेरी हलवणं म्हणजे पेठ पाण्याला सोडून देणं, असं मला मनापासून वाटतं. माझं चुकत असेल तर दाखवा.

गोवळकोटकर
तराजू यांच्याशी शंभर टक्के सहमत. गाव ओस पडायची सुरुवात कचेरी हलण्यापासूनच होते.

खेंडवाला
@तराजू, पण २१ साली पालिका पेठेतच होती की. तरी गाळ साचलेलाच होता. पाय ओले झाले म्हणून आधी कुणी हललं का?

तराजू
हा मुद्दा बरोबर आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वर गेल्याने जास्त हलतील याचीही खात्री नाही.

निवृत्त_लिपिक
मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका स्थानिक संस्थेत ३१ वर्षं नोकरी केली. गावाचं नाव लिहीत नाही. तिथेही नदी, तिथेही पूर. इथे सगळे माणसांबद्दल आणि दुकानांबद्दल बोलत आहेत, मला दप्तराबद्दल बोलायचं आहे.

पालिकेच्या दप्तरात काय असतं ते लोकांना माहीत नसतं. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, कर आकारणीची रजिस्टरं, सभांची इतिवृत्तं, बांधकाम परवानग्यांचे नकाशे, वारस नोंदीचे अर्ज, जुन्या नळजोडण्यांच्या नोंदी. आमच्याकडे ही सगळी दप्तरं तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यावर सभागृह आणि साहेबांची दालनं. वजन जास्त म्हणून दप्तर खाली, हे कारण सांगायचे. पाणी आलं ते रात्री. सकाळी दार उघडेना, कारण आतून लाकडी कपाट तरंगत येऊन दाराला टेकलं होतं.

भिजलेलं रजिस्टर कसं असतं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. कणीक भिजवल्यासारखं जड होतं. पानं एकमेकांना चिकटतात, ओढलं तर अक्षरासकट थर निघून येतो. जुन्या दौतीच्या शाईचं लिखाण पसरून निळा ढग होतो, बॉलपेनचं बरंचसं टिकतं. आम्ही आधी चूक केली, उन्हात वाळत घातलं. पानं पापडासारखी आकसली आणि दुमडली की तुटायला लागली. मग एका ग्रंथपालबाईंनी शिकवलं: सावलीत ठेवायचं, दर पाच-सहा पानांमागे कोरा टीपकागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा, पंखा लांबून लावायचा. महिनाभर आम्ही चौघं तेच करत होतो.

त्या महिन्यात एक बाई आल्या. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता, विम्यासाठी. नोंद त्याच भिजलेल्या वहीत. पान सापडलं, आडनाव वाचता येत होतं, तारखेच्या जागी डाग. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या आणि माझ्या हातात त्यांच्या नवऱ्याचं पान होतं. पुढे स्मशानभूमीची पावती, डॉक्टरांचा कागद असं जमवून काम झालं, पण सात महिने गेले. हा दोष नदीचा नव्हता. आमचा होता, दप्तर खाली ठेवल्याचा.

म्हणून माझं मत: कचेरी कुठे न्यायची ते तुम्ही ठरवा, पण दप्तर आधी हलवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. नव्या नोंदी संगणकावर असतात. पण आज जी माणसं साठीची आहेत, त्यांची नोंद कागदावरच आहे.

अळूची_भाजी
लिपिककाका, डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंचं काम झालं हे लिहिलंत म्हणून बरं वाटलं.

पेठेतली_मृण्मयी
@निवृत्त_लिपिक, खूप आभार. आपल्या वाचनालयाचीही हीच कथा. १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, २००५ ला भिजलं आणि २०२१ ला पुन्हा. हजारो पुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर मी मदतीला गेले होते. तुम्ही म्हणता तसंच, पुस्तक उचलायला दोन हात लागत होते. एका मुलाने भिजलेला गठ्ठा पोटाशी धरून बाहेर आणला आणि खाली ठेवताना इतका हळू ठेवला, जसं तान्हं बाळ ठेवावं.

मांडवीकाठ
गोव्याचा अनुभव सांगतो. २००० साली विधानसभा पणजीतून नदीपलीकडे पर्वरीला गेली आणि मंत्रालयही तिकडेच. आदिलशहाच्या राजवाड्यातलं जुनं सचिवालय रिकामं झालं. पणजी ओस पडली का? नाही. पण साध्या माणसाला एका सहीसाठी मांडवी ओलांडून जावं लागायला लागलं. मात्र पणजी महापालिका पणजीतच राहिली, आणि रोजचं काम तिथेच असतं. राज्याची कचेरी लांब गेली तर चालतं. गावाची लांब जाऊ नये.

ओरोस_रोड
आमच्या सिंधुदुर्गात याहून मोठा प्रयोग झाला. १ मे १९८१ ला जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय कुडाळ, कणकवली, सावंतवाडी यांपैकी कुठेच न ठेवता ओरोसला नवी सिंधुदुर्गनगरी वसवली. भांडण टळलं, जागा मोकळी मिळाली, इमारती प्रशस्त झाल्या. पण संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की माणसं गाडी पकडून आपापल्या गावी. चहाला थांबायचं तर मोजकी ठिकाणं. बाजार कचेरीमागून आपसूक येतो असं समजू नका. कचेरी बाजाराजवळ असते तेव्हा माणूस एका खेपेत पाच कामं करतो: दाखला, औषध, भाजी, बँक, दाढी. कचेरी लांब गेली की तो त्या एका कामासाठी अख्खा दिवस घालवतो.

रिक्षा_स्टँड
ओरोसवाले बोलले ते खरं. मी चिपळुणात १८ वर्षं रिक्षा चालवतो. पालिकेत जाणारं माणूस कोण असतं ते मला विचारा. पेन्शनवाले, पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका, फेरीवाले, मयताचा दाखला काढणारे. गाडीवाला माणूस क्वचित. वर न्या, आमचा धंदा वाढेल, खोटं कशाला बोलू. पण त्या म्हाताऱ्यांकडून मला जाऊन-येऊन भाडं घ्यायला बरं वाटणार नाही.

अवजल
मी जलसंपदेच्या कामाशी संबंधित क्षेत्रात आहे, पण इथे लिहितोय ते खाजगी मत. 'वर' म्हणजे कुठे, हा प्रश्न रांगेतल्या गृहस्थांनी विचारला तोच खरा प्रश्न आहे.

आधी गाव खाली का आहे ते बघा. कोकणातली जुनी गावं खाडीत गलबत जिथपर्यंत येई तिथे वसली. दाभोळहून आत येणारा माल गोवळकोटच्या धक्क्याला उतरायचा, तिथून बैलांवरून कुंभार्ली घाटाने देशावर. म्हणून पेठ पाण्याशेजारी. राजापूर बघा, महाड बघा, खेड बघा, सगळीकडे तीच गोष्ट. ज्या पाण्याने पेठ वसवली तेच पाणी आज तिला बुडवतं.

आता पूर. पाऊस सह्याद्रीवर कोसळतो आणि वाशिष्ठीचा उतार कमी अंतरात संपतो, त्यामुळे पाणी फार वेगाने येतं. खालून भरती असली की त्याला समुद्राकडे वाट मिळत नाही. त्यात नदीत गाळ. शिवाय कोयनेचं पाणी: डोंगराच्या पोटातून पोफळीला येतं, तिथून कोळकेवाडी धरणात, पुन्हा वीज करून अवजल म्हणून वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवायला परवानगी दिलेली आहे. २१ च्या पुरात या पाण्याचा वाटा किती यावरून गावात खूप भांडण झालं, त्यात मी इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच की पेठेतलं पाणी चार कारणांनी येतं आणि त्यातलं गाळाचं एकच कारण आपल्या हातात आहे.

मग वर जावं? जावं, पण डोळे उघडे ठेवून. २२ जुलै २०२१ ला पेठ बुडत होती त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला. खेड तालुक्यात पोसऱ्यातही दरड आली. परशुराम घाटात दर पावसाळ्यात काय होतं ते मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कोकणात खाली पाणी आणि वर माती. डोंगर उभा कापून सपाटी केली आणि तिथे कचेरी बांधली, तर पुरातून उठून दरडीत बसल्यासारखं होईल. भूगर्भतज्ज्ञाकडून जागा तपासल्याशिवाय एकही वीट रचू नये.

दुसरं, नदीच्या कुठल्या बाजूला? वालोप्याचं रेल्वे स्टेशन पलीकडे आहे आणि २१ साली महामार्गावरच्या वाशिष्ठी पुलाचा भाग वाहून गेला होता. कचेरी पलीकडे गेली आणि पूल गेला, तर सुरक्षित जागी बसलेला मुख्याधिकारी गावाला दुर्बिणीतून बघत बसेल. जागा गावाच्याच बाजूला, हायवेच्या वरच्या अंगाला हवी.

खेंडवाला
अवजल, या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला. 'गावाच्याच बाजूला' हे मला सुचलंच नव्हतं.

मगर_पाहिलेली
थोडं अवांतर. वाशिष्ठीच्या पुराबरोबर पेठेत फक्त पाणी येत नाही. जुलै २०२४ मध्ये रात्री रस्त्यावरून चाललेल्या मगरीचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला, मागे रिक्षाचा दिवा आणि पुढे मगर. आमच्या घरामागच्या शिवनदीत मी लहानपणापासून मगरी बघते आहे. २१ च्या पुरात गच्चीवरून आम्ही खालच्या पाण्यात उतरायला घाबरत होतो ते प्रवाहामुळे जितकं, तितकंच यामुळे. माझा धाकटा भाऊ अजून गढूळ पाण्यात पाय टाकत नाही, चप्पल आधी टाकून बघतो. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्हाला वाटत नाही. होड्या, दोर, प्रशिक्षित माणसं वरच्या जागी तयार असती तर फार फरक पडला असता.

तराजू
@मगर_पाहिलेली, हे बोलायलाच हवं होतं. आमच्या गल्लीत लोकांना बाहेर काढलं ते गल्लीतल्याच पोरांनी, टायरच्या ट्यूब बांधून.

उत्तरध्रुवाजवळ
मूळचा रत्नागिरीचा, सध्या स्वीडनमध्ये. इथे उत्तरेला किरुना नावाचं खाणीचं गाव आहे. लोखंडाची खाण गावाखाली सरकत गेली, जमीन खचायला लागली, म्हणून गावाचं केंद्रच काही किलोमीटर पूर्वेला हलवत आहेत. १९६३ चा जुना टाउन हॉल पाडला आणि २०१८ मध्ये नवा उघडला. नव्या चौकात सगळ्यात आधी जी मोठी इमारत उभी राहिली ती हीच. जुन्या टाउन हॉलच्या डोक्यावर घड्याळाचा लोखंडी मनोरा होता, तो आणून नव्या इमारतीजवळ उभा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये ६७२ टनांचं लाकडी चर्च अख्खं उचलून दोन दिवसांत ५ किलोमीटर नेलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.

चिपळूणशी तुलना होत नाही हे मला कळतं. तिथे खर्च खाणकंपनी करते आणि घरंही हलवतात. म्हणूनच लिहितोय. तिथे कचेरी लोकांबरोबर गेली. चिपळुणात कचेरी एकटीच वर जाणार असेल आणि लोक खालीच राहणार असतील, तर तराजू यांची भीती खोटी नाही.

अळूची_भाजी
घड्याळाचा मनोरा बरोबर नेला, हे फार आवडलं.

सांगलीचा_कट्टा
आमच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालय राजवाड्याच्या परिसरातून विजयनगरला गेलं. कृष्णेपासून लांब, मिरजेच्या रस्त्यावर. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. अर्धी सांगली पाण्यात असताना जिल्ह्याचं कामकाज कोरड्या जागेतून चालू होतं, हा मोठा फायदा. मात्र गावभागातल्या लोकांना ते लांब पडतं, वडील अजून कुरकुरतात. तरी पुरानंतर त्यांनी एकदाही "परत इकडे आणा" म्हटलेलं नाही.

संपादक
सदस्यांना विनंती: आजी-माजी पदाधिकाऱ्यांची नावं घेऊन लिहिलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. विषय कार्यालयाचा आहे, तोच राहू द्या.

पुण्यातली_माहेरवाशीण
माहेर चिपळूण. मला एक कळत नाही, आता सगळं ऑनलाइन आहे ना? २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, आपले सरकार पोर्टल आहे. कचेरी कुठेही असली तरी काय फरक पडतो?

रिक्षा_स्टँड
ताई, ओटीपी येतो तो मोबाइल पोराकडे पुण्यात असतो.

पुण्यातली_माहेरवाशीण
हं. माझ्या आईचा नंबर माझ्याच फोनशी जोडलेला आहे. पटलं.

पेठेतली_मृण्मयी
सगळं दोनदा वाचलं. धागा काढताना मी जितकी ठाम होते तितकी आता नाही, पण 'होतं तिथेच राहू दे' इथेही आलेले नाही.

असं केलं तर? दप्तर, आपत्ती नियंत्रण कक्ष, होड्या, अग्निशमन, जनरेटर, वायरलेस आणि अभियंत्यांचे नकाशे हे सगळं वर, रावतळे-कापसाळच्या अंगाला, अवजल म्हणतात तशी तपासलेली जागा बघून. आणि पेठेत पहिल्या मजल्यावर नागरी सुविधा केंद्र: कर भरणं, दाखले, तक्रारी. तिथे एकही मूळ कागद ठेवायचा नाही. पूर आला तर चार संगणक उचलले की झालं.

तराजू
दोन अटींवर मान्य. एक, मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष आठवड्यातले ठरावीक दिवस खाली पेठेत बसले पाहिजेत, तसा ठराव हवा. दोन, सर्वसाधारण सभा खालीच. चार वर्षं प्रशासक असताना आम्हाला विचारायला कुणी नव्हतं. आता निवडून दिलेली माणसं आहेत, ती आमच्या डोळ्यांसमोर बसू देत.

निवृत्त_लिपिक
मृण्मयी, कल्पना चांगली, पण एक सावधगिरी. दोन जागा झाल्या की फाईल प्रवास करते. आमच्याकडे पाणीपुरवठा विभाग वेगळ्या इमारतीत होता. शिपाई दुपारी तीनला पिशवीत फाईली घालून सायकलवरून जायचा. तो रजेवर गेला की नळजोडणी आठवडाभर थांबायची. खाली विचारलं की "वर विचारा", वर विचारलं की "खालून आली नाही". हे टाळायचं तर खालच्या माणसाला सहीचे अधिकार द्यावे लागतात. दाखल्यावर सही करणारा अधिकारी खालीच हवा, नुसता अर्ज घेणारा नको.

आणि दप्तर हलवण्याआधी प्रत्येक वहीचं स्कॅनिंग. मी चार महिने येऊन बिनपगारी बसायला तयार आहे. जुन्या मोडी वळणाचं अक्षर मला लागतं.

अवजल
लिपिककाकांच्या मुद्द्याला जोड: स्कॅन केलेली प्रत त्याच इमारतीतल्या संगणकावर ठेवली तर काही उपयोग नाही. संगणकही बुडतो. एक प्रत जिल्ह्याबाहेर हवी.

गोवळकोटकर
मी मघाशी तराजू यांना सहमती दिली होती. सहीचे अधिकार आणि सभा खाली राहणार असतील तर माझाही विरोध नाही. पण एसटीचं काय? २१ साली आगार बुडालं तेव्हा आगारव्यवस्थापक रोकड घेऊन तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले होते. कर्तव्य म्हणून माणसाने जीव टांगणीला लावावा लागतो तो जागा चुकीची असल्यामुळे. पालिका हलेल तेव्हा आगाराचाही विचार व्हावा.

खेंडवाला
आगारासाठी वेगळा धागा काढा. नक्की लिहीन.

पेठेतली_मृण्मयी
काल शनिवारी एक गोष्ट करून बघितली. आईला घेऊन घरापासून रावतळ्यापर्यंत चालत गेले. आई ७४ वर्षांची, गुडघे दुखतात, तरी रोज देवळात चालत जाणारी आहे. तिला सांगितलं की समज, तुला दाखला काढायचा आहे.

४२ मिनिटं लागली. दोनदा बसावं लागलं, एकदा बंद दुकानाच्या पायरीवर आणि एकदा एका अनोळखी घराच्या कट्ट्यावर. त्या घरातल्या वहिनींनी पाणी दिलं. सगळ्यात अवघड गेला तो हायवे. आईने माझा दंड दोन्ही हातांनी धरला होता, गाड्या थांबत नव्हत्या, मध्ये दुभाजकाशी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. वर पोचल्यावर विंध्यवासिनीचं दर्शन घेतलं. आई पायरीवर बसली, खाली गावाकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी इथे कुणी असतं तर त्यांना आपलं छप्पर दिसलं असतं."

परत रिक्षाने आलो. घरी आल्यावर तिला विचारलं, कचेरी वर हवी का खाली? ती म्हणाली, "होड्या वर ठेवा. माझं पेन्शनचं काम खाली."

लिपिककाका, नगराध्यक्षांच्या नावे अर्जाचा मसुदा करून द्याल का? दप्तर आणि नियंत्रण कक्ष वर, सहीच्या अधिकारासह केंद्र खाली, हायवेला ओलांडायची सोय, आणि जागेची भूगर्भ तपासणी, एवढंच त्यात हवं.

निवृत्त_लिपिक
आज रात्री लिहून पाठवतो. विषय, संदर्भ, मागण्या असा एक पानी. लांब अर्ज कुणी वाचत नाही.

मगर_पाहिलेली
मागण्यांत प्रशिक्षित पोहणाऱ्यांचं पथक घाला. गल्लीतल्या पोरांनाच प्रशिक्षण द्या, त्यांना पाण्याची वाट माहीत आहे.

तराजू
अर्ज झाला की माझ्या दुकानात आणून ठेवा. गल्ल्याशेजारी ठेवतो, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतो. पहिली सही माझी.

रिक्षा_स्टँड
एक प्रत स्टँडवर द्या. आम्ही ३० जण आहोत. आणि मृण्मयीताई, आईंना पुढच्या वेळी चालवू नका, मला फोन करा.